शाळेच्या बसची तपासणी नमुन्यावर भागवू नका: शालेय परिवहन समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
शालेय परिवहन समित्या, महाराष्ट्र

सन्माननीय मुख्याध्यापक, पालक प्रतिनिधी आणि समितीतील सर्व सदस्य,

आम्ही वाहनांच्या सुट्या भागांची गुणवत्ता तपासणी आणि अवजड वाहनांची देखभाल या दोन कामांतले तंत्रज्ञ आहोत. नमुना तपासणीचे तक्ते आमच्या रोजच्या वापरातले आणि बसखाली खड्ड्यात उतरून ब्रेक मोजणं हेही आमचंच काम. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी तुमच्यापुढे बस तपासणीचे अहवाल येतील. त्यातल्या एखाद्यावर ‘एकूण बस ४०, रँडम तपासणी ५, सर्व समाधानकारक’ असं लिहिलेलं असेल आणि खाली ‘आयएस २५००, लेव्हल १’ असा शेराही असेल, तर त्यावर सही करण्यापूर्वी हे पत्र वाचावं ही विनंती. मुलांना नेणारी प्रत्येक बस तपासली गेली पाहिजे. नमुना घ्यायचाच असेल, तर ज्याने बस तपासल्या त्याच्या कामाचा घ्या.

आधी त्या शेऱ्याचा अर्थ. आयएस २५०० भाग १ हे भारतीय मानक आयएसओ २८५९-१ च्या धर्तीवर आहे आणि दोन्हींचं मूळ अमेरिकी लष्करी खरेदीच्या मिल-स्टँडर्ड-१०५ मध्ये आहे. एकाच कारखान्यातून एकसारख्या मालाचे लॉट एकामागून एक येत असतात. प्रत्येक नग तपासणं परवडत नाही. मग किती नग उचलायचे आणि त्यात किती खराब निघाले तर अख्खा लॉट परत करायचा, हे या तक्त्यांतून ठरतं. त्यात १, २, ३ अशा तीन सर्वसाधारण पातळ्या (लेव्हल) आहेत आणि एस-१ ते एस-४ अशा चार विशेष पातळ्या आहेत. वेगळं काही ठरलं नसेल तर पातळी २ धरतात. मोठ्या लॉटसाठी पातळी १ चा नमुना पातळी २ च्या साधारण चाळीस टक्के असतो, पातळी ३ चा साधारण एकशे साठ टक्के. एस-पातळ्या अगदी लहान नमुन्यासाठी आहेत, म्हणजे जिथे चाचणीत नग फुटतो किंवा चाचणीच फार महाग पडते तिथे.

पातळीवरून फक्त नगांची संख्या ठरते. एक नग किती खोलवर बघायचा, हे ती सांगत नाही. रस्त्यावरच्या वाहन तपासणीत मात्र पातळी हा शब्द नेमका त्या खोलीसाठी वापरतात. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत ‘कमर्शियल व्हेइकल सेफ्टी अलायन्स’च्या पद्धतीने ट्रक-बस तपासतात. तिथे लेव्हल १ ही सर्वांत कडक असते. ३७ टप्पे असतात, निरीक्षक गाडीखाली जातो, ब्रेक मोजतो. लेव्हल २ मध्ये गाडीभोवती फिरून दिसेल तेवढं बघतात. लेव्हल ३ मध्ये ड्रायव्हर आणि कागदपत्रं. म्हणजे एका पद्धतीतली लेव्हल १ तीन सर्वसाधारण पातळ्यांत सर्वांत कमी माल बघणारी आणि दुसरीतली लेव्हल १ सर्वांत जास्त खोल जाणारी. अहवालावर नुसतं ‘लेव्हल १’ दिसलं की किती गाड्या पाहिल्या आणि प्रत्येकीत काय काय मोजलं, हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा.

आता ४० बसचं गणित. तक्त्यात २६ ते ५० नगांच्या लॉटला पातळी १ वर ५, पातळी २ वर ८ आणि पातळी ३ वर १३ नग येतात. समजा, त्या ४० पैकी ४ बसचे ब्रेक खराब आहेत. ५ बस चिठ्ठ्या टाकून काढल्या, तर त्यात या चारपैकी एकही न येण्याची शक्यता ५७ टक्के आहे. ८ काढल्या तर ३९ टक्के, १३ काढल्या तर १९ टक्के. अगदी निम्म्या, म्हणजे २० बस तपासल्या तरी ५ टक्के शक्यता उरते. आणि हे आकडे चिठ्ठ्या प्रामाणिकपणे काढल्या तरचे. गेटजवळ लावलेल्या, कालच धुतलेल्या पाच बस बघितल्या असतील तर त्या अहवालाला काहीच अर्थ नाही.

तक्ता नीट वाचला तर तोच सगळ्या बस तपासायला सांगतो. अहवाल लिहिणारे बहुतेक वेळा नमुन्याचा आकडा बघून थांबतात आणि एक्यूएलच्या रकान्यात जातच नाहीत. एक्यूएल म्हणजे सातत्याने येणाऱ्या मालात शंभरामागे किती दोष सरासरीने चालवून घ्यायचे, तो आकडा. ५ नगांचा नमुना आणि एकही दोष मान्य नाही, ही योजना तक्त्यात २.५ या एक्यूएलची आहे. ८ नगांची १.५ ची आहे. ज्या समितीने पाच बस बघून समाधान मानलं, तिने ब्रेकसारख्या दोषालाही न कळत शंभरात अडीचचा निकष लावला. हे कोणाच्याही मनात नसतं, आम्हाला खात्री आहे. पण अहवालाचा अर्थ तोच होतो.

निकष कडक करून बघा. एक्यूएल ०.६५ घेतला तर ८ च्या ओळीत आकडा सापडत नाही, खाली जाणारा बाण सापडतो. बाणाचा नियम असा, की तो जिथे नेईल त्या ओळीतला स्वीकाराचा आकडाही (किती खराब नग चालतील तो) घ्यायचा आणि नमुन्याचा आकारही. इथे नमुना २० होतो. ०.४० घेतला तर ३२. ०.२५ घेतला, म्हणजे ४०० मध्ये एक, तर नमुना ५० होतो. आपल्याकडे बसच ४० आहेत. नमुना लॉटपेक्षा मोठा निघाला तर शंभर टक्के तपासणी करावी, असं मानकच सांगतं. बाणाकडे दुर्लक्ष करून जुन्याच ओळीतले ८ नग घेणं ही सॅम्पलिंगमधली सगळ्यात जास्त होणारी चूक आहे आणि ती कारखान्यांतही होते.

आणखी एक अडचण मुळातच आहे. हे तक्ते सलग येणाऱ्या लॉटसाठी आहेत. लागोपाठच्या पाच किंवा त्याहून कमी लॉटमध्ये दोन नापास झाले की कडक तपासणीवर जायचं, सलग पाच पास झाले की परत नेहमीच्या तपासणीवर यायचं, कडक तपासणीत एकूण पाच नापास झाले की माल घेणंच थांबवायचं, हा त्यांचा कणा आहे. ही अदलाबदल पाळली तरच एक्यूएलची हमी खरी ठरते. तुमच्या ४० बस म्हणजे लॉट नव्हे. एक नऊ वर्षांची, एक दोन वर्षांची. एक रोज सपाट रस्त्यावर धावते, दुसरी रोज चढउताराच्या. एकीचे ब्रेक लायनर (ब्रेकचे झिजणारे पट्टे) मागच्या महिन्यात बदललेले, दुसरीचे कधी बदलले ते कुणाला आठवत नाही. एका मशीनवर एका पाळीत निघालेले बोल्ट जसे एकमेकांबद्दल काही सांगतात, तसं एक बस दुसरीबद्दल सांगत नाही.

‘सगळ्यांकडे फिटनेस आहे’ हेही उत्तर मिळेल. व्यावसायिक वाहनाचा फिटनेस आठ वर्षं वयापर्यंत दोन-दोन वर्षांसाठी मिळतो आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावा लागतो. तो दाखला हवाच. पण तो पासिंगच्या दिवशीच्या स्थितीचा असतो. लायनर, टायर, रबरी होज (नळ्या) आणि स्टिअरिंगच्या टायरॉडचे बॉल जॉइंट यांचं आयुष्य त्या तारखेशी बांधलेलं नाही.

मग एका बसमध्ये बघायचं काय? इथे आम्ही थोडं सविस्तर लिहितो, कारण अहवालातला ‘ब्रेक: ठीक’ हा शेरा आम्हाला सर्वांत जास्त सलतो.

मोठ्या बसला एअर ब्रेक असतात. चाकाजवळ गोल ब्रेक चेंबर असतो. पेडल दाबलं की हवेच्या जोराने त्यातून पुशरॉड (दांडा) बाहेर येतो, तो ब्रेकचं अंतर जुळवणारा स्लॅक अ‍ॅडजस्टर ढकलतो, एस आकाराचं टोक असलेला दांडा, म्हणजे एस-कॅम, फिरतो आणि लायनर ड्रमवर दाबले जातात. लायनर झिजले, ड्रम आतून खाल्ला गेला, की पुशरॉडला जास्त लांब यावं लागतं. एका मर्यादेपुढे त्याचा जोर झपाट्याने पडतो. ड्रायव्हरला हे पायाखाली कळत नाही, कारण त्याचं पेडल फक्त हवेचा व्हॉल्व्ह उघडतं. ‘मला तर ब्रेक छान लागतोय’ हे त्याचं म्हणणं प्रामाणिक असतं आणि तरीही निरुपयोगी असतं. म्हणून मोजायचं.

बस सपाट जागी उभी करा, चाकांना ठोकळे लावा, इंजिन बंद करा, पार्किंग ब्रेक सोडा. टाकीतला दाब ६.२ ते ६.९ बारच्या दरम्यान हवा. चेंबरच्या तोंडाशी पुशरॉडवर खडूने खूण करा. दुसऱ्या माणसाने पेडल पूर्ण दाबून धरायचं. खूण किती सरकली ते स्टीलच्या पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा. टाइप ३० च्या साध्या चेंबरला उत्तर अमेरिकेत ५१ मिमी ही मर्यादा धरतात; दुसऱ्या मापाच्या चेंबरची मर्यादा निर्मात्याच्या पुस्तिकेत बघा. एकाच धुरीच्या डाव्या-उजव्या आकड्यांत मोठा फरक असेल तर दोन्ही मर्यादेत असले तरी कारण शोधा. ओल्या रस्त्यावर अशी गाडी ब्रेक लागताच एका बाजूला ओढते आणि आपल्याकडे शाळा पावसातच उघडतात.

मोजमाप गार ड्रमवर होतं, हेही ध्यानात घ्या. ड्रम तापला की फुगतो आणि पुशरॉड आणखी लांब येतो. सहलीची बस पूर्ण भरून कसारा किंवा खंबाटकी उतरते तेव्हा ड्रम तापलेलेच असतात. गार असताना ४९ मिमी आलेली बस कागदावर पास होईल. आम्ही तिला घाटात पाठवणार नाही.

स्वयंचलित स्लॅक अ‍ॅडजस्टर असलेल्या बसमध्ये एक खास गडबड होते. आकडा जास्त आला की मेकॅनिक पाना लावून दोन फेरे आवळतो, आकडा मर्यादेत येतो आणि अहवाल ‘ठीक’ होतो. पण जो भाग आपोआप ॲडजस्ट होतो त्याला हाताने आवळावं लागलं, याचा अर्थ दोष दुसरीकडे आहे: एस-कॅमचा बुश झिजलाय, पुशरॉडच्या टोकाची क्लेव्हिस पिन गंजून अडकलीय किंवा अ‍ॅडजस्टर आतून गेलाय. काही आठवड्यांत आकडा पुन्हा वाढतो. म्हणून अहवालात आवळण्याआधीचा आकडा आणि नंतरचा आकडा असे दोन रकाने हवेत.

हवेची गळती बघायला दाब पूर्ण भरा, इंजिन बंद करा, पेडल एक मिनिट दाबून धरा. काटा ०.२ बारपेक्षा जास्त उतरला तर गळती शोधा; साबणाचं पाणी जॉइंटवर लावलं की बुडबुडे दिसतात. मग पेडल पुन्हा पुन्हा मारून दाब उतरवा. चार बारच्या आसपास येईपर्यंत धोक्याचा बझर वाजलाच पाहिजे. कटकट नको म्हणून त्याची वायर काढलेली असू शकते. शेवटी टाकीचा ड्रेन कॉक उघडा. भरपूर पाणी आलं तर एअर ड्रायर संपलाय, तेल आलं तर कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्यात.

लहान बसला हायड्रॉलिक ब्रेक असतात. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर चालतोय. पाय स्थिर ठेवूनही पेडल हळूहळू खाली बसत गेलं तर मास्टर सिलिंडर आतून गळतोय किंवा कुठेतरी ऑइल बाहेर जातंय. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. जुनं झालं की तापल्यावर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि उतारावर पेडल एकदम पोकळ लागतं. ऑइल बदलल्याची तारीख नोंदवहीत नसेल तर बदलून घ्या.

रोलर ब्रेक टेस्टरवर, म्हणजे रोलरवर चाक फिरवून ब्रेकचा जोर मोजणाऱ्या यंत्रावर, नेता आलं तर उत्तम. तिथे चाकागणिक आकडा मिळतो, ड्रम वाकडा झाला असेल तर चाक फिरताना काटा खालीवर होतो. फक्त एक काळजी घ्या: रिकाम्या बसची मागची चाकं रोलरवर लवकर जाम होतात आणि भरलेल्या बसला ब्रेक किती पुरेल हे त्यावरून कळत नाही. प्रिंट मागून अहवालाला जोडा.

टायरची खाच मोठ्या वाहनांना किमान १.६ मिमी हवी. ती आतल्या काठालाही मोजा, कारण पुढचं अलाइनमेंट बिघडलं की टायर आतूनच खातो आणि बाहेरून नवा दिसतो. मागच्या जोडचाकांच्या मधे दगड अडकलाय का, दोन टायर एकमेकांना घासतात का, बघा. पुढच्या चाकांना रिट्रेड (जुन्यावर नवा थर चढवलेला टायर) नको. चाकाच्या नटपासून बाहेर जाणारी गंजाची लाल रेघ दिसली तर तो नट ढिला आहे असं समजा. चाक काढून लावलं असेल तर ५० ते १०० किलोमीटर धावल्यावर नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळले गेले पाहिजेत. स्टिअरिंगसाठी एकाने चाक डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने खड्ड्यातून टायरॉड आणि ड्रॅग लिंकचे जॉइंट बघायचे. किंगपिनचा (पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिचा) ढिलेपणा धुरी जॅकवर उचलल्याशिवाय कळत नाही. स्प्रिंगच्या पाट्यांतलं मुख्य पान तुटलंय का आणि यू-बोल्ट घट्ट आहेत का, तेही त्याच वेळी होतं.

आपत्कालीन दार प्रत्यक्ष उघडून बघा, आतूनही आणि बाहेरूनही, आणि एखाद्या मोठ्या मुलाच्या ताकदीने उघडतं का ते बघा. रंगाच्या थरामुळे ते चिकटलेलं असतं किंवा त्याच्यासमोर जादा सीट बसवलेली असते. मागून टाकलेल्या पंख्याच्या, दिव्यांच्या वायरी फ्यूजमधून जातात का? वायपर पाणी टाकून चालवा. अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा.

हे सगळं एका मोठ्या बसला दोन माणसं आणि साधारण दीड तास घेतं. ४० बसना ६० तास. दोन-दोन माणसांच्या दोन जोड्या रोज आठ तास बसल्या तर चार दिवस. मे महिन्याच्या सुट्टीत बस उभ्याच असतात, तेव्हा वेळ नाही हे कारण टिकत नाही. दर तीन महिन्यांनी ब्रेक, टायर आणि स्टिअरिंग एवढंच पुन्हा मोजलं तर त्याहून कमी वेळ लागेल.

सगळ्या बस तपासून झाल्या, की मग नमुना काढा. बसचे नंबर चिठ्ठ्यांवर लिहा, त्याच दिवशी, त्याच जागी पालक प्रतिनिधीने ८ चिठ्ठ्या काढाव्यात आणि त्या ८ बसचं मोजमाप दुसऱ्या जोडीने आधीचा अहवाल न बघता पुन्हा करावं. इथे ८ पुरतात, कारण प्रश्न बदललेला आहे. तपासणाऱ्याने ४० पैकी १० बस नुसत्या कागदावर भरल्या असतील, तर ८ च्या फेरतपासणीत त्यातली एक तरी सापडण्याची शक्यता ९२ टक्के आहे. पुशरॉडच्या दोन आकड्यांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक आला, किंवा ब्रेक, स्टिअरिंग, चाकं वा आपत्कालीन दार यांतला एक जरी दोष सुटलेला सापडला, तर चाळीसच्या चाळीस बस पुन्हा तपासायच्या. सापडलेली तेवढी एक दुरुस्त करून पुढे जायचं, असं करू नका. सॅम्पलिंगमध्ये नापास होतो तो लॉट, नुसता नग नाही. हे कलम ठेकेदाराशी करार करतानाच लिहून घ्या आणि फेरतपासणीचा खर्च कोणाचा तेही.

सुट्या भागांच्या खरेदीत मात्र तक्ते खुशाल वापरा. ठेकेदाराने ६० ब्रेक होज आणले तर पातळी २ वर १३ तपासायचे. फाडून बघायच्या चाचणीसाठी एस-२ घेतली तर ३ येतात, पण एक्यूएल १.० लिहिला असेल तर बाण परत १३ वरच नेतो. तेव्हा फाडायच्या चाचणीला वेगळा एक्यूएल आधी ठरवा. वळ, भेगा, थ्रेड, तारखेचा शिक्का हे डोळ्यांनी बघायचे दोष तर साठही होजचे अर्ध्या तासात बघून होतात.

जूनच्या पहिल्या बैठकीत प्रत्येक बसचं एक पान समोर ठेवायला सांगा: बस नंबर, प्रत्येक चाकाचा पुशरॉडचा आवळण्याआधीचा आणि नंतरचा आकडा, प्रत्येक टायरची खाच, गळतीचा आकडा, मोजणाऱ्या दोघांच्या सह्या आणि तारीख. ज्या रकान्यात आकड्याऐवजी ‘ठीक’ लिहिलंय, ती बस अजून तपासायची राहिली आहे असं धरा आणि तोवर तिला मुलं नेऊ देऊ नका.

आपले,
वाहन देखभाल आणि गुणवत्ता तपासणीतील काही तंत्रज्ञ